ते म्हणजे किती जण

पोलिसांच्या नोंदीत ताईंना मारणारे बरेच जण होते. घरात राहणारी माणसं मात्र दोनच होती, ताई आणि त्यांचा नवरा.

मी सरळ सांगते, कारण आडवळणाने लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही. मी पत्रकं लिहिते. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या बाईला बस यायच्या आत वाचून संपवता आलं पाहिजे, एवढाच पत्रकाचा नियम. त्यामुळे माझी वाक्यं तोकडी असतात आणि राग आला तर तो लपत नाही. लंडनमधल्या हॅरोमध्ये एका केमिस्टच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. मार खाल्लेल्या, फसवल्या गेलेल्या, व्हिसा जाईल म्हणून गप्प बसलेल्या बायका तिथे येतात. गुन्हा झालेला असतो त्यांच्यावर, आणि देश सोडायची पाळीही त्यांच्यावरच येते, कारण ज्याने मारलं त्याच्याच नावाशी त्यांचा व्हिसा बांधलेला असतो. हे मला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, मी बरोबर ऐकतेय ना. बरोबरच ऐकत होते.

सल्ला मी देत नाही. परवाना नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे. सल्ला देते आमची वकीलबाई. ती ग्लासगोची, साठीला टेकलेली, कडक चहा पिणारी आणि त्याहून कडक बोलणारी. मी मराठीचं इंग्रजी करते, इंग्रजीचं मराठी करते आणि किटली भरते.

ताई कऱ्हाडकडच्या. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, इथे येऊन ब्रिटिश झालेला. लंडनच्या पश्चिमेला आयटी कंपन्यांच्या एका गावात त्यांचं घर होतं. एका संध्याकाळी भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याने आवाज ऐकून पोलिसांना फोन केला. पोलीस आले, बोलले, निघून गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी ताई डॉक्टरकडच्या नर्सजवळ रडल्या, आणि नर्सने त्यांना बायकांच्या निवाऱ्यात पोचवलं. तिथून त्या आमच्याकडे आल्या. अंगावर बारीक चेक्सचा कोट होता, तो निवाऱ्यातल्या कुणाचा तरी, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

ज्या बाईचा नवरा ब्रिटिश आहे आणि ज्याच्या मारहाणीमुळे लग्न मोडलं आहे, तिला या देशात स्वतःच्या नावावर कायमचं राहायचा अर्ज करता येतो. तो करेपर्यंत तीन महिन्यांची सवलत मिळते. सवलत घेतली की नवऱ्याच्या नावाचा व्हिसा संपतो आणि परत मिळत नाही. म्हणजे मागचं दार बंद होतं आणि पुढचं अजून उघडलेलं नसतं. ताईंनी सवलत घेतली होती. अर्ज फेटाळला असता तर त्यांना परत जावं लागलं असतं, त्या घरी, जिथे नवऱ्याने आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं की तुमच्या मुलीचं डोकं फिरलंय. धाकटीचं लग्न जमत होतं. ताईंचे वडील फोनवर एवढंच म्हणाले होते, "आत्ता नको येऊस."

(आणि नवरा ब्रिटिश नसून वर्क व्हिसावर असता, तर? तर तीन महिने, आणि नंतर बॅग भरा. कायमच्या अर्जाची वाट त्या बायकांसाठी नाहीच. हात तसाच पडतो, गालही तसाच सुजतो, पण नवऱ्याच्या पासपोर्टचा रंग वेगळा. मी या विषयावर पत्रक लिहिलं तेव्हा एका ओळखीच्या माणसाने मला विचारलं, "तू काहीतरी अर्धवट वाचून लिहिलंयस का?" मला त्याचा राग आला नाही. मीही तसंच विचारलं होतं.)

अर्जाला पुरावा लागतो. पोलीस घरी आले होते, म्हणजे नोंद असणारच, म्हणून वकीलबाईने ती मागवली. आली तेव्हा तिने ती वाचली, चष्मा डोक्यावर चढवला आणि मला विचारलं, "हे 'दे' कोण?"

मी वाचलं. त्यांनी मला कपाटावर ढकललं. त्यांनी माझा फोन लपवला. ते म्हणतात, तुला परत पाठवू. सगळीकडे 'दे', म्हणजे इंग्रजीतलं 'ते', अनेकवचन. शेवटी पोलिसाचा निष्कर्ष: सासू-सासऱ्यांशी कौटुंबिक वाद, सासू-सासरे सध्या घरी नाहीत, दोन्ही बाजूंना समज दिली.

"आपल्याला तिने एकट्या नवऱ्याचं नाव सांगितलंय," वकीलबाई म्हणाली. "पोलिसांना टोळीचं सांगितलंय. अर्ज तपासणारा माणूस हे दोन कागद शेजारी ठेवणार. मग तो म्हणणार, बाई, तुझं नक्की काय ते ठरव."

मीही क्षणभर सासू-सासरेच डोळ्यांसमोर आणले, हे कबूल करायला हरकत नाही. इंग्रजीत वाचलं की डोकं इंग्रजीतच चालतं. ताई बाहेर हीटरजवळ बसल्या होत्या. मी जाऊन विचारलं.

"ताई, पोलीस आले त्या दिवशी घरात कोण कोण होतं?"

"आम्हीच."

"आम्हीच म्हणजे?"

"मी आणि हे."

"मग ढकललं कोणी?"

"ह्यांनी."

"फोन कोणी लपवला?"

"ह्यांनीच की. अगं, दुसरं कोण लपवणार? त्यांनी तो बुटाच्या खोक्यात ठेवला होता. सकाळपासून काय काय विचारतेस तू."

मी तिथेच उभी. हातात इंग्रजी कागद, कानात मराठी वाक्य. ह्यांनी. त्यांनी. ते.

माझी आई बाबांना अरे-तुरे करते. मी पुण्यात वाढले, आमच्या वयाच्या मुली नवऱ्याला 'तो' म्हणतात आणि भांडणात त्याहून बरंच काही म्हणतात. पण ताई ज्या घरातून आल्या तिथे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि त्याला 'तो' म्हणत नाही. नवरा एक असला तरी तोंडातून अनेकवचन येतं. कपाटावर ढकलणारा एकच होता, त्याने ढकललं हे सांगतानासुद्धा ताईंनी त्याला मान दिला, आणि इंग्रजीत जाताना त्या मानाची माणसं झाली.

वकीलबाईला मी हे सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुमच्यात एखाद्याला मान द्यायचा असेल तर त्याचे बरेच जण करता?"

"हो."

"मारणाऱ्याचेसुद्धा?"

"नवरा असेल तर, हो."

"आमच्या ग्लासगोत मारणाऱ्या नवऱ्याला एक शब्द आहे," ती म्हणाली, "तो एकवचनी आहे." मग तो शब्द तिने उच्चारला. मी तो इथे लिहीत नाही.

तिने पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. ते मिळेपर्यंत सवलतीचे बरेच दिवस गेले. ताई रोज फोन करून विचारायच्या, "आलं का गं काही?" मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "बरं, बरं," जणू उशीर मीच केलाय आणि त्या मला सांभाळून घेताहेत.

चित्रण आलं. आधी आम्ही दोघींनीच पाहिलं.

स्वयंपाकघर. गॅसवर काहीतरी करपतंय, पोलीस येताच हात लांब करून गॅस बंद करतो. त्या सगळ्या वेळात ताईंसाठी कोणी काही केलं असेल तर ते तेवढंच. ताई सिंकला टेकून उभ्या, ओढणी तोंडाशी. नवरा दारात. त्याचा चेहरा नियमाप्रमाणे पुसून टाकलेला, मानेवर नुसता करडा ठिपका. आवाज मात्र ठेवलेला. टेबलावर पोलिसाचा फोन, स्पीकरवर दुभाषी मुलगी. आवाजावरून विशी-बाविशीची. इथेच वाढलेली, हे पहिल्या वाक्यात कळतं.

"काकू, तुमचा नाव काय आहे? तुमची पासपोर्ट कुठे आहे?"

तिला हसू नये. तिचं मराठी घरात आजीशी बोलण्यापुरतं. कोणीतरी तिला परीक्षेला बसवलं, पास केलं आणि एका घाबरलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात फोनवरून सोडून दिलं.

पोलीस विचारतो, काय झालं.

ताई म्हणतात, "ह्यांनी मला ढकललं. कपाटावर." म्हणताना हनुवटी दाराकडे नेतात. फोनवरची मुलगी ती हनुवटी बघू शकत नाही. पोलीस बघू शकतो, पण तो वहीत लिहितोय.

"दे पुश्ड मी," फोन म्हणतो.

"ते कधी आले?" पोलिसाचा प्रश्न फोनमधून मराठीत येतो.

"आज दुपारीच आले. एरवी सहाला येतात."

फोन सांगतो, ते आज दुपारी आले, नेहमी सहाला येतात.

पोलीस आता खरंच गोंधळतो. रोज सहाला घरात घुसणारी ही माणसं कोण? इथे मला वाटलं, आता विचारेल. एक साधा प्रश्न, किती जण. मुलीने विचारला असता तरी चाललं असतं. ताई तोंड वर करून "एकच की" म्हणाल्या असत्या आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण पोलीस वळला तो दाराकडे, आणि विचारलं त्याला. हे 'दे' कोण, सर?

त्याला दोन्ही भाषा येत होत्या. त्या स्वयंपाकघरात दोन्ही भाषा नीट येणारा तोच एकटा होता. बायको काय म्हणाली ते त्याला कळलं, पोलिसाने काय ऐकलं तेही कळलं. चित्रणात तो थोडा वेळ काहीच बोलत नाही. करडा ठिपका ताईंकडे वळतो, मग पोलिसाकडे.

मग शांत, जरा थकलेल्या आवाजात तो सांगतो, की त्याचे आईवडील इंडियाहून आले आहेत. बायकोचं त्यांच्याशी पटत नाही. आज जरा वाढलं. ते आता ग्लासगोला नातेवाइकांकडे गेले आहेत. सॉरी, ऑफिसर.

"ओके," पोलीस म्हणतो.

मी स्पेस बार दाबून चित्रण थांबवलं. मारहाणीच्या गोष्टी मी रोज ऐकते, पट्टा, इस्त्री, उपाशी ठेवणं, सगळं. त्याने झोप जाते, पण आश्चर्य वाटायचं केव्हाच थांबलंय. हे वेगळं होतं. बायकोने मार खातानाही जो मान सोडला नाही, तो त्याने उचलला आणि तिच्याच विरुद्ध वापरला. आणि त्याचा विचार करायला त्याला काही क्षण पुरले.

वकीलबाई म्हणाली, "पुन्हा लाव."

दुसऱ्या वेळी तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

दारामागे, हॉलच्या भिंतीवर एक फ्रेम होती. फ्रेममधलं तोंडही पुसलेलं, तसाच करडा ठिपका. चेहरे पुसणाऱ्याने तोही जिवंत माणूस समजून झाकला होता. पण फ्रेमभोवतीचा चंदनाचा हार त्याने तसाच सोडला होता.

"हार घातलेला फोटो," मी म्हटलं. "म्हणजे माणूस गेलेला."

"कोण माणूस?"

ते ताईच सांगू शकत होत्या. वकीलबाईने त्यांना आधी विचारलं, बघायचंय का, नको असेल तर आम्ही नुसतं सांगू. ताई म्हणाल्या, "बघते. मी तर तिथेच होते की."

त्या खुर्चीच्या काठावर बसल्या. स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी मान खाली घातली. तेव्हा त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. आता निवाऱ्यातल्या क्लासमुळे थोडं कळायला लागलं होतं. नवऱ्याच्या वाक्यावर त्यांची मान वर झाली.

"पेरेंट्स म्हणाले ना ते?"

"हो."

"कोणाचे पेरेंट्स?"

"त्याचे. तो म्हणतोय की तुम्हाला आईवडिलांनी ढकललं, आणि मग ते ग्लासगोला गेले."

ताईंना वाटलं मी भाषांतर चुकवलं. "नीट सांग. मामंजी?"

"हो, सासरे."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा.

"मामंजी आमचं लग्न ठरायच्या आधीच गेले. मी त्यांना फोटोतच बघितलंय. तो बघ, तिथेच आहेत ते. रोज त्यांच्यापुढे उदबत्ती मीच लावायची. आणि आत्यांचा, ह्यांच्या आईंचा, तर पासपोर्टच नाही, त्यांना विमानाची भीती वाटते."

मी वकीलबाईला इंग्रजीत सांगितलं. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला.

"म्हणजे एका मेलेल्या माणसाने हिला ढकललं आणि रात्रीच्या गाडीने माझ्या गावाला गेला," ती म्हणाली. "आणि मला कोणी कळवलंही नाही."

मी हे ताईंना सांगावं की नाही या विचारात होते. ताईच म्हणाल्या, "काय म्हणाल्या त्या?" सांगितलं. त्या हसल्या. ओढणी तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि मग तीच ओढणी डोळ्यांना लावली. मी किटली भरायला गेले, कारण मला दुसरं काही सुचेना.

मग कामं सुरू झाली. सासरे हयात नाहीत याला कागद हवा. मृत्यूचा दाखला मागायचा तर नवऱ्याच्या घरी मागावा लागणार. ताईंच्या भावाने आईचं कपाट उपसून लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला. त्यावर मुलाच्या वडिलांच्या नावाआधी 'कै.' आणि आईच्या नावाआधी 'श्रीमती'. तुम्हा-आम्हाला यापुढे काही सांगावं लागत नाही. पण हीच पत्रिका लग्नाच्या व्हिसाला जोडली होती, आणि तेव्हा एजंटने केलेल्या इंग्रजी भाषांतरात 'कै.'चं Kai होऊन सासऱ्यांचं पहिलं नाव 'काय' असं छापलेलं होतं. इथे मुलांची तशी नावं असतात. वकीलबाईच्या नातवाच्या वर्गात एक आहे. कैलासवासी माणूस इंग्रजीत जाऊन जिवंत झाला होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

भाषांतर नव्याने करून घेतलं. आता प्रश्न उरला 'ते'चा. मी संस्थेतली, माझा शब्द चालणार नव्हता. संस्थेबाहेरचं, मराठी जाणणारं, इथे ज्याच्या सहीला वजन आहे असं कोणीतरी हवं होतं. मी शनिवारच्या मराठी शाळेतल्या काकूंकडे गेले. काकू इथल्या हॉस्पिटलांत आयुष्यभर डॉक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर हॅरोतल्या एका हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवतात. मी नाव न घेता सगळं सांगितलं. पण मराठी मंडळ केवढं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. काकूंनी गाव ऐकलं आणि विचारलं, "गणपतीत ढोल वाजवतो तो?"

"काकू, मी नाव सांगू शकत नाही."

"सांगू नकोस. पण माझ्या सहीचं पत्र निघालं की मंडळात चर्चा होणार, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"तुला काय कळतंय. तू आज आहेस, उद्या दुसऱ्या मोर्चात जाशील. मला दर वर्षी त्यांच्यातच अथर्वशीर्ष म्हणायचंय."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे अशा वेळी द्यायची तयार वाक्यं भरपूर असतात, सगळी छापील. तेवढ्यात एक मुलगा वही घेऊन आला. त्याने लिहिलं होतं, 'आजोबा आला.' काकूंनी पेनाने ते खोडलं. "आजोबा आले. मोठ्यांना 'आले'."

"बट देअर इज ओन्ली वन आजोबा," मुलगा म्हणाला.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. "दर शनिवारी हेच," त्या म्हणाल्या. "'आजोबा आले' म्हटलं की विचारतात, किती आजोबा. या पोरांना एवढं विचारायचं सुचतं, आणि त्या पोलिसाला..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पत्र त्यांनी लिहिलं, दोन पानी, उदाहरणांसकट. पहिलं उदाहरण आजोबांचंच होतं.

उरला ताईंचा जबाब. तो इंग्रजीत लिहायचा आणि सहीआधी मराठीत वाचून दाखवायचा, म्हणजे आपण कशावर सही करतो ते बाईला कळतं. वकीलबाईने लिहिला, मी वाचायला बसले. इंग्रजीत सगळीकडे 'ही', म्हणजे 'तो'. मी मराठीत वाचत गेले, "त्याने माझा हात पिरगळला. त्याने मला कपाटावर ढकललं."

"त्यांनी," ताई म्हणाल्या.

"हो, पण इथे एकवचनच बरं. गोंधळ नको."

"गोंधळ तुमच्या इंग्रजीत झाला. मी मराठीत नीटच बोलले होते."

"ताई, ज्याने तुम्हाला मारलं, मेलेल्या बापाच्या नावावर ते ढकललं, त्याला तुम्ही अजून मान देणार?"

माझा आवाज चढला होता. ताईंनी तो खाली यायची वाट बघितली.

"तू तुझ्या नवऱ्याला हवं ते म्हण, झाला की. मी त्यांना 'त्यांनी' म्हणते कारण मला दुसरं येत नाही. ते बदलायला मी इथे आलेली नाही. मी कशाला आलेय ते तुला माहितीये ना? मला इथे राहायचंय. मला परत जायचं नाहीये. तेवढं करून दे." मग जरा थांबून, "आणि मारणारा एकच होता, हे मी उभं करशील त्या कोर्टात सांगेन. त्यांनी एकट्यांनी मारलं."

त्यांनी एकट्यांनी मारलं. मी ते वाक्य तसंच वकीलबाईला इंग्रजीत सांगितलं, आणि तिने जबाबात घातलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, 'त्यांनी' म्हणत. ताई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. सही त्यांनी मराठीत केली.

सगळं जोडून अर्ज गेला: जबाब, चित्रण, पत्रिका, काकूंचं पत्र, नर्सची चिठ्ठी. मग वाट बघणं. त्या काळात मी एक पत्रक लिहायला घेतलं, कारण मला हात रिकामे ठेवता येत नाहीत. मराठी बायकांसाठी. मोठ्या अक्षरात मथळा: 'पोलिसांशी बोलताना नवऱ्याला तो म्हणा.' खाली कारण, थोडक्यात. मला ते फार आवडलं होतं.

निकाल आला तेव्हा ताई ऑफिसातच होत्या, एका नव्या बाईसोबत निवाऱ्यातून आल्या होत्या. वकीलबाईने ईमेल उघडला, पूर्ण वाचला, परत वरून वाचला. ती चांगली बातमीही संशयाने वाचते. मग म्हणाली, "मंजूर. कायमचं."

मी मराठीत सांगितलं. ताईंनी विचारलं, "आता ह्यांना कळवावं लागेल का?"

"नाही. त्याचा काही संबंधच नाही आता."

"आणि मी काम करू शकते?"

"काहीही करू शकता."

"बरं," ताई म्हणाल्या. त्या कोटाच्या लांब बाह्या दुमडत बसल्या, एक घडी, दुसरी घडी, मनगट दिसेपर्यंत. पोलिसांनी जुनी नोंद पुन्हा उघडलीय असं पत्र आलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्या दिवशी ताईंनी ते विचारलंही नाही. टेबलावर माझ्या पत्रकाचा मसुदा पडला होता, तो त्यांनी उचलला आणि बस यायच्या आत संपेल इतक्या वेळात वाचला.

"हे बायकांना कशाला सांगतेस?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे पुन्हा असं होऊ नये."

"अगं, अंगावर हात पडलेली बाई त्या वेळी व्याकरण बघत बसणार आहे का? ती बोलते तशीच बोलणार. हे पोलिसांना सांग. त्या फोनवरच्या पोरीला सांग. त्यांना पगार मिळतो त्याचा."

त्यांनी माझं पेन घेतलं आणि मथळ्यावर एक तिरकी रेघ मारली. खाली लिहायला लागल्या, मग थांबल्या आणि पेन मला परत दिलं. "तूच लिही, इंग्रजीत लिही. मी सांगते."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पत्रक एका बाजूचं झालं, पोलिसांसाठी आणि दुभाष्यांसाठी. मराठी बाई 'ते' म्हणाली तर थांबा. ती कोणाकडे बघतेय ते बघा. नवऱ्याला विचारू नका. तिला विचारा, किती जण.

"हे शेवटचं जरा मोठ्या अक्षरात टाक," ताई म्हणाल्या, आणि नव्या बाईच्या शेजारी जाऊन बसल्या. ती केव्हाची दारातल्या खुर्चीवर वाट बघत होती.